खांबापर्यंत

सप्टेंबर संपत आला होता तेव्हा अट्रॅक्टा पहिल्यांदा चुकली, आणि ते फक्त तिच्या सुनेच्या लक्षात आलं.

डूनकिलच्या धक्क्यावर रोज सकाळी पोहायला जमणारे तिघंच. सत्तरी ओलांडलेली अट्रॅक्टा, तिची सून सोरखा आणि मॅलकी. मॅलकी गावचा जुना गुरांचा डॉक्टर, पोट हे एवढं पुढे आणि पाय काडीसारखे. उन्हाळ्यात या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसायची. पण ऑगस्ट सरला, डब्लिनची मंडळी आपापल्या गाड्या भरून परतली, की वारा पश्चिमेकडून सुटायचा, पाणी शिशाच्या रंगाचं व्हायचं आणि धक्का पुन्हा या तिघांचा व्हायचा.

मॅलकीने दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडला आणि वर ओढून डोळे बारीक करून वाचला. "चौदा. उतरायला लागलं."

"आकडा वाचतोस म्हणून तुला गार वाटतं," अट्रॅक्टा टोपी कानांवर ओढत म्हणाली. "नाहीतर अंगावर एवढी चरबी असलेल्या माणसाने कुरकुर करू नये."

"चरबी नाही ती, बाई. हिवाळ्याची बेगमी आहे."

सोरखा अजून तिच्या लांब, अस्तर लावलेल्या झग्यात गुरफटून उभी होती. अट्रॅक्टाने तिच्याकडे नजर टाकली. "आणि तू गं? त्या तंबूतून बाहेर येणार आहेस, की भाडं भरून राहिलीयेस?"

सोरखा हसली आणि झगा काढून भिंतीवर टाकला. सहा वर्षांपूर्वी ती लग्न होऊन या गावात आली तेव्हा तिला पोहता येत नव्हतं. तिचं माहेर रॉसकॉमनच्या दलदलीकडचं, तिथे समुद्र म्हणजे सहलीला जाऊन बघायची गोष्ट. नवरा कॅहल सहा आठवडे समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर आणि सहा आठवडे घरी. तो नसताना घरात दोघीच, आणि पहिले काही महिने दोघींना एकमेकींशी काय बोलावं ते कळत नसे. मग एके दिवशी अट्रॅक्टाने तिला हाताला धरून धक्क्यावर आणलं, पाठीखाली हात घालून पाण्यावर आडवं केलं आणि म्हणाली, "मी धरलंय. श्वास सोड." डूनकिलमधली निम्मी माणसं याच हातावर पोहायला शिकली होती.

तिघं पाण्यात उतरली. पहिल्या मिनिटाला नेहमीप्रमाणे छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं, मग श्वास जागेवर आला. खाडीच्या तोंडाशी, चर्चचं टोक आणि जुन्या बर्फघराचं छप्पर एका रेषेत आलं की वळायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. सोरखा वळली. चार हात मारल्यावर तिला जाणवलं, की शेजारी लाल टोपी नाही. तिने मागे बघितलं. अट्रॅक्टा तशीच सरळ, खुल्या समुद्राकडे चालली होती, संथपणे, हात लांब टाकत.

"अट्रॅक्टा! कुठे चाललात?"

दोन हाकांनंतर म्हातारी थांबली. तिने इकडेतिकडे बघितलं, जरा वैतागून, घरातली एखादी वस्तू जागेवर सापडली नाही की बघतात तसं. मग परत आली. "खांबाला हात लावल्याशिवाय कसं वळायचं?" ती म्हणाली आणि सोरखाच्या पुढे निघून गेली.

सोरखाला वाटलं, थट्टा असेल. अट्रॅक्टा भिंतीआड कपडे बदलत होती तेव्हा तिने चहा ओतणाऱ्या मॅलकीला विचारलं, "इथे कुठे खांब आहे का?"

"बुडत्या खडकावर होता. लोखंडी. बोटींना खडक कळावा म्हणून उभा केलेला. तुझ्या लग्नाच्या आदल्या हिवाळ्यात वादळाने नेला. आम्ही पोरं असताना तिथवर शर्यती लावायचो. का गं?"

"काही नाही. सहज."

हे "काही नाही" तिच्या तोंडून इतकं पटकन का निघालं, याचा विचार तिने नंतर पुष्कळ केला.

ऑक्टोबर लागला. एकापाठोपाठ एक दोन वादळं झाली. धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळाचे ढीग येऊन पडले आणि कुजून त्यांचा उग्र वास सुटला. पाणी रोज थोडं थोडं गार होत होतं आणि खाडीच्या तोंडाशी, जिथे बुडता खडक होता तिथे, शांत दिवशीही पांढरा फेस फुटताना दिसायचा. वादळाचे दिवस सोडले तर अट्रॅक्टाचं पोहणं एक दिवसही चुकलं नाही. ती रोज त्या रेषेच्या पुढे जायची. कधी थोडी, कधी बरीच. सोरखाने एक युक्ती काढली. ती मुद्दाम बाहेरच्या बाजूने पोहायची आणि रेषा आली की म्हातारीच्या आडवी येऊन म्हणायची, "चला, मला गारठलं. माघारी फिरू."

"एवढ्यात? रॉसकॉमनची ती रॉसकॉमनचीच," अट्रॅक्टा म्हणायची, पण सुनेची कीव करून वळायची.

जमिनीवर तिचं तसं बरं चाललं होतं. एकदा चहाचा थर्मास रिकामाच आणला. एकदा ओहोटीच्या वेळी धक्क्यावर येऊन पाणी कुठे गेलं म्हणून उभी राहिली. जन्मभर भरती-ओहोटीचं वेळापत्रक जिला बघावं लागलं नव्हतं, ती. सोरखाने त्या दिवशी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारीने तो झटकला.

कॅहलचा फोन रोज संध्याकाळी यायचा.

"आईचं काय चाललंय?"

"मजेत आहेत. आज मॅलकीला पाणघोडा म्हणाल्या."

"आणि तू?"

"मी पण."

दर वेळी ती सांगायच्या बेताला यायची आणि दर वेळी गिळून टाकायची. सांगितलं तर कॅहल पोहणं बंद करणार हे उघड होतं. आणि पोहणं बंद झालं की ही बाई महिन्याभरात खुर्चीला खिळेल, असं सोरखाला वाटायचं. ते खरंही होतं. पण सगळं खरं तेवढंच नव्हतं. त्या सकाळी तिच्याही होत्या. या गावात तिला कुणी आपली म्हणून वागवलं असेल, तर ते त्या पाण्यात आणि याच बाईने.

शेवटी मॅलकीने विषय काढला. अट्रॅक्टा धक्क्यावर बसून पायमोजा घालत होती, आणि तोच मोजा काढून पुन्हा घालत होती.

"मी जन्मभर मुक्या जनावरांकडे बघून त्यांना काय होतंय ते ओळखलं," तो हळूच म्हणाला. "तू कॅहलला सांगतेस की मी सांगू?"

"तो महिनाअखेरीस येतोय. समोरासमोर सांगते."

"तुझा नवरा कधी येतोय ते समुद्राला माहीत नाही, पोरी."

"मी असते ना रोज त्यांच्याबरोबर."

मॅलकीने खाली पाण्याकडे बघितलं. धक्क्याला लागून एक मोठा फुगवटा वर चढला, पायऱ्या गिळल्या आणि आवाज न करता मागे सरला. 

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रेडिओवर उधाणाचा इशारा आला. संध्याकाळी सोरखाने बटाट्याचं सूप गरम करता करता सांगितलं, "उद्या पोहायचं नाही हं. लाटा मोठ्या आहेत. मॅलकीही येणार नाहीये."

"बरं," अट्रॅक्टा म्हणाली.

एरवी दोन टोमणे मारल्याशिवाय ऐकणारी बाई नव्हती ती. सोरखाने वळून बघितलं. म्हातारी पावाला लोणी लावत होती, अगदी कडेपर्यंत, नीट.

त्या रविवारी, दर हिवाळ्याआधी सगळा देश घेतो तशी, घड्याळं तासाभराने मागे घ्यायची होती. सोरखाने झोपण्याआधी स्वयंपाकघरातलं घड्याळ मागे केलं. सकाळी नेहमीच्या सवयीने जाग आली तेव्हा तिला आठवलं की अजून एक तास हाताशी आहे, आणि ती पांघरुणात पडून राहिली. खिडकीत राखाडी उजेड आला होता. वाऱ्याचा आवाज येत होता आणि त्याच्या खालून दुसरा एक, जड, थांबून थांबून येणारा. लाटांचा. मग तिला खाली दार आपटल्याचं ऐकू आलं. पुन्हा आपटलं. कडी न लावलेलं दार वाऱ्याने आपटतं तसं.

अट्रॅक्टाची खोली रिकामी होती. अंथरूण नीट घातलेलं. खुंटीवर टॉवेल नव्हता. घड्याळ मागे गेलं होतं, पण म्हातारीच्या अंगातली वेळ जुनीच होती.

सोरखा रात्रीच्या कपड्यांवर झगा चढवून उतारावरून धावली. धक्क्याच्या भिंतीवर टॉवेल होता, वर दगड ठेवलेला, उडू नये म्हणून. बुटांत मोजे खोचलेले. पाण्यात लाल टोपी लगेच दिसली नाही. लाटा खाडीत शिरत होत्या, एकामागून एक, आणि दर लाटेआड सगळं झाकलं जात होतं. मग एका लाटेच्या माथ्यावर लाल ठिपका वर आला. रेषेच्या कितीतरी पुढे, फेसाच्या अलीकडे.

तिने बचाव बोटीला फोन लावला. आवाज कसा कुणास ठाऊक स्थिर राहिला. गावाचं नाव सांगितलं, एक बाई, वय त्र्याहत्तर, लाल टोपी. बोट निघते आहे, तुम्ही पाण्यात उतरू नका, असं पलीकडून दोनदा सांगितलं. तिने "हो" म्हटलं. मग मॅलकीला फोन केला, झगा काढून टाकला, भिंतीवरच्या हुकाला टांगलेलं, बुडणाऱ्याला धरायला द्यायचं फुगीर नारिंगी तरंगतं दोरीने कमरेला बांधलं आणि लाट मागे सरताना तिच्याबरोबर उडी घेतली.

पाण्याने तिचा श्वास हिसकावून घेतला. तिने मनाशी ठरवलं होतं की थांबायचं, श्वास जागेवर येऊ द्यायचा, पण पुढची लाट थांबली नाही. नाकातोंडात खारं पाणी गेलं. ती खोकली, बुडाली, वर आली. मग हात आपोआप चालू झाले. लाटेवर चढायचं, वर आल्यावर लाल ठिपका शोधायचा, खाली घसरायचं. खाली असताना चहूकडे फक्त पाण्याच्या भिंती, आणि तिथे वाऱ्याचा आवाजही येत नव्हता. तेवढ्या शांततेत तिला स्वतःच्या दातांचा आवाज ऐकू यायचा. मागे वळून बघितलं तेव्हा धक्का विचित्र जागी दिसला, फार डावीकडे. आपण पोहत नाही, आपल्याला नेलं जातंय, हे तिला तेव्हा कळलं.

अट्रॅक्टा उभ्याने पाय मारत तरंगत होती. ओठ निळे पडले होते, पण चेहऱ्यावर भीती नव्हती. कपाळावर आठी होती.

"हा खांब कुठे नेलाय यांनी?" तिने विचारलं.

"अट्रॅक्टा, घरी चला. माझ्याबरोबर या."

"कुणाची गं तू?"

सोरखाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लाट दोघींच्या डोक्यावरून गेली. वर आली तेव्हा तिच्या पायांत जोर उरला नव्हता. मांडीत पेटका आला होता. नारिंगी तरंगतं कमरेमागे होतं, पण बोटं इतकी बधिर झाली होती की दोरी पकडता येईना. ती पुन्हा खाली गेली, आणि या वेळी वर यायला फार वेळ लागला. आपण इथे मरतोय, असं तिला अगदी साधेपणाने वाटलं.

तेवढ्यात तिच्या काखेखाली एक हात आला. हाडकुळा, पण पक्का.

"झटापट करू नकोस," अट्रॅक्टाचा आवाज तिच्या कानाशी होता. "पाठीवर हो. तोंड आकाशाकडे. मी धरलंय. श्वास सोड आधी, मग घे. हं. असं. नवीन दिसतेस. नवीन माणसाने असल्या दिवशी इतक्या लांब येऊ नये."

सोरखाने श्वास सोडला. आकाश राखाडी होतं, अगदी जवळ. म्हातारीने तरंगतं ओढून तिच्या छातीवर दिलं आणि पाय मारायला सुरुवात केली. ती तिला ओढत नेत होती, जोर न लावता, लाटेच्या कलाने. काही क्षण सोरखाला इतकं हायसं वाटलं की तिने डोळे मिटले. मग खडकावर लाट फुटल्याचा आवाज आला, आणि तो मागून नाही, समोरून आला. तिने मान वळवली. त्या खुल्या समुद्राकडे चालल्या होत्या.

"कुठे नेताय?"

"खांबाला. तिथे धरून बसू. बोट येईल तोवर."

"खांब नाहीये तिथे. वादळात गेला."

"वेडी आहेस का? काल हात लावलाय मी त्याला."

पाय चालूच होते. फेस आता इतका जवळ आला होता की त्याचे थेंब वाऱ्याबरोबर तोंडावर उडत होते. खाली काळा खडक लाटेसरशी उघडा पडत होता आणि झाकला जात होता. समजावून उपयोग नाही, ओढून न्यायला ताकद नाही. सोरखाने हात वर केला. हात तिचा स्वतःचा आहे असं वाटत नव्हतं. तिने खाडीच्या उजव्या अंगाला, टेकाडाआडच्या वाळूकडे बोट दाखवलं.

"तिकडे हलवलाय," ती म्हणाली. "खांब. गेल्या आठवड्यात. वाळूच्या बाजूला."

अट्रॅक्टाचे पाय थांबले. "कुणी?"

"बंदरवाल्यांनी."

"मला न विचारता?"

"कुणालाच नाही विचारलं त्यांनी."

म्हातारीने लाटेच्या माथ्यावरून तिकडे बघितलं. सोरखाने श्वास रोखून धरला होता. तिकडे खांब नव्हता, काहीच नव्हतं, नुसती ओली वाळू. एक लाट गेली, दुसरी गेली.

"गाढवं आहेत," अट्रॅक्टा म्हणाली आणि वळली.

खडकाकडे नेणाऱ्या ओढीतून बाहेर कसं पडायचं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. ती ओढीला भिडली नाही. तिरकी निघाली, एक लाट जाऊ द्यायची, दुसरीवर स्वार व्हायचं, मध्ये थांबायचं. थांबली की म्हणायची, "पाय मार गं, झोपू नकोस." सोरखा पाय मारायची. केव्हातरी तिला थंडी वाजायची थांबली आणि फार बरं वाटू लागलं. अट्रॅक्टाने तिच्या गालावर जोरात थप्पड मारली. मग पुन्हा थंडी वाजू लागली.

वाळूवर शेवटच्या लाटेने दोघींना एकत्रच आपटलं. मॅलकी कपड्यांसकट कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्याने सोरखाला दंडाला धरून ओढलं, मग अट्रॅक्टाला अक्षरशः उचलून बाहेर आणलं, एखाद्या वासरासारखं. दूरवर बचाव बोटीचं इंजिन ऐकू येत होतं. अट्रॅक्टा वाळूवर बसली आणि तेव्हा कुठे थरथरायला लागली, इतकी की तिला बोलता येईना. तिची नजर वाळूवरून फिरत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ती सोरखावर येऊन थांबली.

सोरखाने मान खाली घातली.

दोघींना कॅसलबारच्या रुग्णालयात नेलं. सोरखाला दुसऱ्या दिवशी सोडलं. अट्रॅक्टाच्या छातीत पाणी गेलं होतं, ती आठवडाभर राहिली. या आठवड्यात डॉक्टरांनी तिला साधेसाधे प्रश्न विचारले, डोक्याचे फोटो काढले, आणि कॅहलला बाजूला घेऊन सांगितलं की हे आजचं नाही, निदान वर्षभराचं आहे, आणि पुढे वाढतच जाणार.

घरी परतताना कॅहल गाडी चालवत होता. पाऊस काचेवर आडवा येत होता.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"केव्हापासून?"

"सप्टेंबर."

 घरी आल्यावर तो मागच्या अंगणात गेला आणि अंधार पडेपर्यंत जळणासाठी वाळवलेल्या दलदलीच्या मातीचे, पीटचे तुकडे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपाशी नेऊन रचत बसला. रागावला असता तर सोरखाला सोपं गेलं असतं. नंतर आत येऊन हात धुताना तो एवढंच म्हणाला, "मलाही फोनवर कळत होतं. तीच गोष्ट दोनदा सांगायची. मी विचारलं नाही." मग त्याने अवजारांची पेटी काढली आणि बाहेरच्या दाराला कुलूप बसवलं.

अट्रॅक्टा घरी आली ती बारीक होऊन. दिवसाचा बराच वेळ ती चुलीपाशी बसायची. कधी सोरखाला नावाने हाक मारायची, कधी "बाई" म्हणायची, कधी पाहुणी आल्यासारखी तिला चहा विचारायची. नोव्हेंबरचं वारं घराला धडका देत होतं. धक्क्यावर आता एकटा मॅलकी जायचा. पाण्यात उतरायचा नाही, नुसता थर्मामीटर सोडायचा आणि येताना दारात डोकावून आकडा सांगून जायचा. अट्रॅक्टा मान डोलवायची.

एका दुपारी सोरखा टेबलाशी गाजरं किसत होती. अट्रॅक्टा खिडकीशी होती. तिथून समुद्र दिसत नसे, फक्त त्याच्यावरचं आकाश.

"सोरखा," ती म्हणाली. आवाज जुना, स्वच्छ. "त्या दिवशी तू माझ्यामागे पाण्यात का उतरलीस?"

सोरखाच्या हातातली किसणी थांबली.

"बुडणाऱ्याच्या मागे जायचं नाही. फेकण्यासारखं काही असेल तर फेकायचं, नाहीतर काठावर उभं राहून त्याच्यावरची नजर हटवायची नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतं."

"मग?"

"आठवलं नाही मला."

अट्रॅक्टा हसली, आवाज न करता, खांदे हलवून. "तुलाही?" मग हसू गेलं. "माझ्या मुलाला दोघी गमवाव्या लागल्या असत्या. पुढच्या वेळी येऊ नकोस."

"पुढची वेळ येणार नाही. दाराला कुलूप आहे."

"कुलूप बघितलं मी." हवापाण्याबद्दल बोलावं तशी ती बोलत होती. "किल्ली तू पिठाच्या डब्यामागे ठेवतेस, तेही बघितलंय. उद्या ते माझ्या लक्षात राहील की नाही, ते मात्र मला सांगता येत नाही. म्हणून आज सांगते."

सोरखा उठली. डब्यामागची किल्ली काढून तिने स्कर्टच्या खिशात घातली आणि खिशावर हात ठेवून तशीच उभी राहिली. अट्रॅक्टा तिच्याकडे बघत होती, पाण्यात नवशिक्या माणसाकडे बघायची तशी, नीट लक्ष देऊन.

"बरं केलंस," ती म्हणाली. "आता तीही जागा मला दिसली."